८१ सुपाऱ्या आणि १२३४५६७८९८७६५४३२१

खळ्यावरून (धागाकर्ता), रविवार रात्री

मंडळी, श्रीवर्धनला घरी आलोय. खळ्यात सुपारी वाळत घातली आहे. दुपारी आईने हुकूम सोडला, "कोंबड्या हाकल आणि मधूनमधून सुपारीवर हात फिरव." रेंज नव्हतीच. मग चाळा म्हणून नऊ सुपाऱ्यांची एक आडवी ओळ मांडली. तिच्याखाली नऊंची दुसरी, पण एक घर डावीकडे सरकवून. तिसरी आणखी एक घर डावीकडे. अशा नऊ ओळी झाल्या आणि खळ्यात एक तिरका पट्टा तयार झाला.

मग उभ्या रांगा मोजल्या. डाव्या टोकाला १, मग २, ३, ४ असं चढत बरोबर मध्यात ९, आणि पुन्हा ८, ७ करत उजव्या टोकाला १. रांगा एकूण सतरा.

शाळेत पाटीवर मोठा गुणाकार करायचो तो हाच. १११११११११ ला १११११११११ ने गुणायचं. दर वेळी एकानेच गुणायचं असल्याने ओळ तीच राहते, फक्त एक घर सरकते. शेवटी उभी बेरीज. कुठल्याच रांगेत नऊच्या वर जात नाही म्हणून हातचा येत नाही, आणि उत्तर जसंच्या तसं खळ्यात दिसतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. अंकांची बेरीज करायचीही गरज नाही. सुपाऱ्या ९ गुणिले ९ होत्या, म्हणजे बेरीज ८१.

या एका संख्येबद्दल कुणाला काय काय माहीत आहे ते इथे लिहा. मी अजून दोन दिवस कोंबड्या हाकलतोय.

---

हापूसवाली

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पण माझ्याकडे गडबड आहे. पेट्यांचा हिशेब करतो त्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर नुसतं E आलं. स्प्रेडशीटमध्ये घातलं तर १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ कुणी खाल्ले? मुलाने ब्राउझरमध्ये करून दाखवलं तर ३२० वर संपतंय. तीन यंत्रं, तीन उत्तरं.

---

निवृत्त मास्तर

ताई, तिन्ही बाजूला ठेवा आणि फक्त शेवटचा अंक बघा. ज्याच्या शेवटी १ आहे अशा संख्येला तशाच संख्येने गुणलं तर शेवटी १ च येणार. त्यामुळे शून्याने संपणारं कुठलंही उत्तर चूक. चौथीच्या पोरालाही हे सांगता येतं, यंत्राला येत नाही.

---

तिसरी सीट

मास्तरांशी सहमत. कारण असं की स्प्रेडशीट पहिले १५ अंकच धरून ठेवते, पुढे शून्यं भरते. आपल्या संख्येत अंक १७. ब्राउझरची अडचण वेगळी. तिथे नेहमीची संख्या ५३ बिटांत बसवतात. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नीट मावते, त्याच्या लगेच पुढे सम तेवढ्याच मावतात. आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि विषम आहे. म्हणून शेजारच्या सम संख्येवर, ३२० वर, जाऊन बसली.

सुपाऱ्यांना ही अडचण नाही.

---

चिकूवाडी

आमच्या डहाणूचा माणूस आठवला नाही का कुणाला? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्याला आणि पुण्यात फर्ग्युसनला. पुढे सगळी हयात देवळालीत शाळामास्तर. या १, १२१, १२३२१, १२३४३२१ घराण्याला त्यांनी नाव दिलं 'डेम्लो संख्या'. धागाकर्त्याची संख्या त्या घराण्यातली नववी.

डेम्लो म्हणजे काय, तर रेल्वे स्टेशन! जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं. आजचं डोंबिवली. त्या स्टेशनात त्यांना कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव. आज त्याच फलाटावर संध्याकाळी एखाद्याला नऊ गुणिले नऊ तरी सुचेल का, देव जाणे.

त्यांची मूळ व्याख्या जरा मोठी होती. पहिला भाग आणि शेवटचा भाग यांची बेरीज मधल्या भागात, वाटल्यास अनेकदा. म्हणजे १६५ (१+५=६), २५५३ (२+३=५), ४७७७३. सलग एकांचे वर्ग हे त्यांतले 'अद्भुत' डेम्लो.

---

घाटमाथा

कापरेकर म्हटलं की ६१७४ आलंच. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्यातून चढता क्रम वजा करा, पुन्हा करा, शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतं...

---

खळ्यावरून

घाटमाथा, ते सगळ्यांना पाठ आहे हो. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे सतरा अंकीच.

---

हापूसवाली

कापरेकर संख्या म्हणतात ती ही आहे का? वर्ग करून दोन तुकडे करायचे आणि बेरीज केली की घेतलेली संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५, २०+२५=४५. आपल्याकडे तर वर्ग तयारच आहे. १११११११११ ही कापरेकर संख्याच असणार!

---

निवृत्त मास्तर

करून बघितलं का ताई? नऊ अंकी संख्येचा वर्ग, म्हणून उजवीकडून नऊ अंक तोडायचे. तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. घेतलेली संख्या नाही, तिच्या नऊपट. तेव्हा कापरेकर संख्या नाही.

पण तुमची चूक मला आवडली, कारण ती नऊपट काही योगायोगाने आलेली नाही. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. भागाकार १२३४५६७९. (८ गायब आहे, नीट बघा.) आता वर्गातल्या दोन १११११११११ पैकी एकीचा ९ काढून दुसरीला द्यायचा. पहिली होते १२३४५६७९, दुसरी होते ९९९९९९९९९. म्हणजे आपली संख्या

१२३४५६७९ × ९९९९९९९९९

आणि ९९९९९९९९९ ने गुणणं म्हणजे अब्जाने गुणून एकदा वजा करणं:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

कागदावर ही वजाबाकी स्वतः करा. नुसतं वाचू नका. उजवीकडून १, २, ३ बाहेर पडायला लागतात तेव्हा मजा येते.

आणि खरी कापरेकर संख्या शेजारीच बसलीय: ९९९९९९९९९. तिचा वर्ग ९९९९९९९९८०००००००००१. तुकडे ९९९९९९९९८ आणि १, बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. हा वर्ग आपल्या संख्येच्या ८१ पट.

---

हापूसवाली

मास्तर, वजाबाकी पावतीपुस्तकाच्या पाठीमागे केली. खरंच अंगावर काटा आला. अर्धा तास पेट्या भरायच्या राहिल्या, ते वेगळं.

---

घाटमाथा

बरं, ६१७४ सोडलं. पण एक विचारतो, राग मानू नका. यात गणित किती आणि नटवेपणा किती? आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. लिहायची रीत बदला, सगळी जादू पुसली जाईल. हे संख्येचे गुण नाहीत, तिच्या कपड्यांचे आहेत. कापरेकरांनाही त्यांच्या काळात आपल्याकडच्या कित्येक गणित्यांनी याच कारणासाठी फार मोजलं नव्हतं. १९७५ साली गणिती गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जग बघायला लागलं.

---

हापूसवाली

मग आम्ही आंबेवाले सुटलो! आम्ही डझनात मोजतो. बाराच्या पटीत लिहायला लागलो तर?

---

तिसरी सीट

तर शिखर आणखी उंच जाईल. बाराच्या पद्धतीत हातचा बारावर येतो, म्हणून अकरा एकांपर्यंत इमारत उभी राहते. दहा आणि अकरा यांना वेगळी चिन्हं लागतील एवढंच. म्हणजे घाटमाथा म्हणतात तसे कपडे बदलतात, पण मापं घेणारा शिंपी तोच. सुपाऱ्यांचा तिरका पट्टा कुठल्याही पद्धतीत तसाच मांडला जातो.

आणि कपड्यांच्या आतलं बघायचं असेल तर अवयव पाडा. ते कुठल्याही पद्धतीत बदलत नाहीत. हे मी परवा गाडीत केलं. खेडच्या पुढे गाडी क्रॉसिंगला उभी, समोरच्या काकांचा डबा उघडलेला, माझ्याकडे तिकिटाची पाठ.

१११११११११ = १११ × १००१००१. डोळ्यांनीच दिसतं. १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: ३३३६६७. या ३३३६६७ चं पुढे काय होतं, इथे घोडं अडतं. मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं म्हणजे शंभराच्या वर भागाकार.

पण युक्ती आहे. ३३३६६७ ला भाग जाईल अशा मूळ संख्येने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. थोडा विचार केला की निघतं, की अशा मूळ संख्येला १८ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. मग उमेदवार राहतात १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. मोजा, सतरा. एकानेही भाग गेला नाही. शेवटचा भागाकार संपला तेव्हा समोरून मालगाडी गेली आणि आम्ही हललो.

तर पूर्ण हिशेब: ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

---

चिकूवाडी

आणि १ ते ९ ची बेरीज ४५. (घाटमाथा, हा मात्र निव्वळ योगायोग, तुमच्या आधी मीच कबूल करतो.)

---

घाटमाथा

गाडीतल्या सतरा भागाकारांना सलाम. अवयवांबद्दल तक्रार नाही, ते गणित आहे. मग नुसत्या एकांची संख्या कधी मूळ असते का? ११ आहे. पुढे?

---

तिसरी सीट

११ नंतर एकदम १९ एक लागतात, मग २३, मग ३१७, मग १०३१. किती एक आहेत तो आकडा स्वतः मूळ नसेल तर आशाच सोडा. नऊ एक म्हणजे तीन-तीनचे गट, त्यामुळे १११ ने भाग जाणारच. उलट बाजूने मात्र खात्री नाही. तीन ही मूळ संख्या आहे, पण १११ नाही.

---

दर्यावर्दी

मी हरणैचा, गणितात काठावर पास. मला प्रश्न पडला, ही संख्या वाचायची कशी? आजच्या रीतीने १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. दोनदा 'कोटी' म्हणावं लागतं, म्हणजे काहीतरी चुकतंय.

आजोबांना भास्कराचार्यांच्या लीलावतीतला स्थानांचा श्लोक यायचा, तो लावून बघितला. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं. आपल्याला सतरा लागतात. मग वाचा:

१ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १.

शिखरावर अर्बुद. आणि जलधी म्हणजे समुद्र, तो तीनदा. आमच्या दारातला एकच पुरेसा आहे.

आणखी एक हिशेब केला. सेकंदाला एक सुपारी टाकली तर इतक्या सुपाऱ्या टाकायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. किनाऱ्यावरचा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कातळाचं वय सहादा मोजलं तरी सुपाऱ्या जेमतेम संपतील.

---

खळ्यावरून

दर्यावर्दी, काठावर पास? तुमच्या प्रतिसादाची मी छापील प्रत काढणार आहे. आई म्हणते इतक्या सुपारीला भाव काय मिळेल.

---

चिकूवाडी

कापरेकरांच्या आणखी दोन चाळण्या आहेत, त्यांतून ही संख्या गाळून बघितली.

पहिली हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. हे नावही त्यांचंच, आनंद देणारी. आपल्या संख्येची बेरीज ८१. भागून बघा: १५२४१५७८९९७१०४१. बाकी नाही. आणि हा भागाकार म्हणजे मास्तरांच्या त्या आठ नसलेल्या १२३४५६७९ चा वर्ग! बेरीज नऊचा वर्ग, भागाकार वर्ग, आपली संख्याही वर्ग.

दुसरी स्वयंभू. गणपतीपुळ्याच्या लोकांना शब्द समजावायला नको. १५ घ्या, त्यात तिचे अंक मिळवा: १५+१+५=२१. म्हणजे २१ ला आई आहे, १५. पण २० पर्यंत असं कुठूनच पोचता येत नाही, म्हणून २० स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू निघावी अशी माझी फार इच्छा होती.

नाही निघाली. नऊनऊने मागे जात शोधलं (दुसरा आकडा चालतच नाही, का ते मास्तर सांगतील) आणि ८१ मागे सापडली:

१२३४५६७८९८७६५४२४०

हिच्या अंकांची बेरीज करा. ८१. मिळवा. आपली संख्या आली. बरं, आपल्या संख्येची बेरीजही ८१, ती मिळवली की १२३४५६७८९८७६५४४०२, आणि हिचीही बेरीज ८१! आई, मुलगी, नात, तिघींची बेरीज एकच. त्याच्या पुढच्या पायरीला मात्र ९० होते.

---

निवृत्त मास्तर

मास्तर सांगतात. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. म्हणून 'आई अधिक तिचे अंक' याची बाकी आईच्या बाकीच्या दुप्पट. मुलीला ९ ने भाग जातो, मग दुपटीलाही जायला हवा, आणि २ चा ९ शी काही संबंध नाही, म्हणून आईलाही जातो. तेव्हा फरक नऊच्या पटीतच. आईची बेरीज जास्तीत जास्त १५३, म्हणजे सतराच ठिकाणं बघायची. मी सगळी बघितली. दुसरी आई नाही.

---

घाटमाथा

हे मात्र पूर्ण कपड्यांचंच आहे. तरी वाचताना थांबवलं नाही, हे मान्य.

---

गजाली

बाबानू, ह्यां सगळां बरां आसा. पण दहावी ओळ मांडल्यार काय होता, तां कोण सांगतलो? सगळे नवावरच येवन थांबले.

---

खळ्यावरून

गजाली, तुमच्यासाठी आज दुपारी मांडलं. शंभर सुपाऱ्या, दहा ओळी, दर ओळीत दहा. उभ्या रांगा १, २, ३ करत ९, मध्ये १०, पुन्हा ९ आणि उतरण. एकोणीस रांगा. दिसायला मागच्यापेक्षा देखणं. पण मधल्या रांगेत दहा आहेत आणि एका घरात दहा लिहिता येत नाहीत.

मग हातचा. मधल्या दहा उचलल्या, त्यांच्याऐवजी डावीकडच्या रांगेत एक ठेवली. तिथे नऊ होत्या, झाल्या दहा. त्याही उचलल्या, त्यांच्याऐवजी आणखी डावीकडे एक. तिथे आठ होत्या, झाल्या नऊ. थांबलं. मधली दोन घरं रिकामी:

१२३४५६७९००९८७६५४३२१

आता डावी बाजू बघा: १, २, ३, ४, ५, ६, ७, ९. आठ गायब! मास्तरांच्या १२३४५६७९ मधला आठ कुठे गेला हे मला तेव्हा कळलं. १ ला ८१ ने भागलं की दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालत राहतं, तिथेही आठ नसतो. कारण हेच. दहाचा हातचा नवाला लागतो, नवाचा दहा होऊन त्याचा हातचा आठाला लागतो, आणि आठाचा नऊ होतो. आठ हरवत नाही, त्याला बढती मिळते. एवढी वर्षं मी ते नुसतं पाठ केलं होतं.

खळ्यात उरलेल्या मोजल्या: ८२. शंभर मांडल्या होत्या. दोनदा दहा उचलल्या, दोनदा एक ठेवली, म्हणजे १८ माझ्या हातात. हातचा म्हणजे हातातच असतो हे पन्नाशीत पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात आई पडवीतून आली. म्हणाली, "त्या हातातल्या इकडे आण, ओल्या आहेत का बघते." एक अडकित्त्यात धरून फोडली, आतून अजून पांढरी होती. अठराही परत उन्हात टाकायला लावल्या.

---

गजाली

आता समाजला. आवशीक सांग, माका त्या अठरातल्योच धाड.